तुमी म्हनसान तेवढ्याले

त्या माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही. त्यानं माझं काही चोरलं नाही, बुडवलं नाही, माझ्या पाठीमागे कुणाजवळ वाईटही बोलला नाही. तरी राग आहे. आणि तो कशाचा, हे सांगायला लागलं की माझीच मान खाली जाते, म्हणून आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मंगरूळपीरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं रद्दीचं दुकान आहे. सायकलच्या दोन्ही बाजूंना पोती बांधून खेड्यापाड्यांत ओरडत फिरलो, तिथून इथवर आलो. कुणी बोट धरलं नाही. धंद्यात मी एकच गोष्ट शिकलो: आपल्याला काय हवंय ते चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. समोरच्यानं तांब्याची तार काढली तरी मी जांभई देतो. जांभई दिली की माणूस स्वतःच भाव पाडतो. माझी जांभई पूर्ण गल्लीला माहीत आहे. लोक तिची नक्कल करतात.

हा माणूस ढोरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर होता. निवृत्त झाला, पण धनजला आपल्या गावी गेला नाही, इथंच एक खोली घेऊन राहिला. सगळे त्याला डॉक्टर म्हणत आणि तो प्रत्येकाला दुरुस्त करी. "डॉक्टर नाही, ड्रेसर. डॉक्टर सही करे, मी शेपूट धरो." अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, हाताला कायम फिनाईलचा वास, आणि खिशात जनावराच्या थर्मामीटरची नळकांडी, तिच्यात पेन.

पहिल्यांदा आला तेव्हा रद्दीच्या ढिगातून त्यानं एक पुस्तक काढलं. पाठीवर दोन थापा मारल्या, बैलाच्या मारतात तशा. मी ओळखलं, याला हे हवं आहे. जांभई दिली आणि तिप्पट भाव सांगितला. आता तो हसेल, ठेवून देईल, दोन पावलं जाईल, मी हाक मारीन, मग खरा सौदा सुरू होईल, असा माझा हिशेब.

"तुमी म्हनसान तेवढ्याले," तो म्हणाला आणि पैसे देऊन गेला.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. भाव न करणारा माणूस म्हणजे भाव करणाऱ्याच्या तोंडावर दार लावणारा माणूस. पुढं जेव्हा जेव्हा त्यानं काही घेतलं तेव्हा हेच. मी चिडून भाव आणखी वाढवला, तरी हेच. शेवटी मीच लाजून खरा भाव सांगायला लागलो.

मग तो बसायलाच लागला. तेलाचा डबा पालथा घालायचा आणि काट्याच्या शेजारी बसायचं. मी म्हटलं बसू दे, म्हातारा माणूस आहे. ती माझी चूक.

आता रद्दीत पुठ्ठाच जास्त येतो, मोबाईलवरून मागवलेल्या सामानाची खोकी. पुस्तकं येतात ती घर आवरलं की, नाहीतर कुणी गेलं की. एकदा एसटीचा एक ड्रायव्हर वडिलांच्या माघारी त्यांच्या पुस्तकांचं पोतं घेऊन आला. मी पोतं काट्यावर चढवलं. डॉक्टर डब्यावरून उठला आणि पोत्याऐवजी ड्रायव्हरभोवतीच एक फेरी मारली.

"भाऊ, गाडी कोन्ती तुमची?"

"पुसद."

"घाटाची. घरी गेल्यावर लगेच जेवता का?"

"नाही ना. खाटेवर पडतो जरासा. कानात इंजिनच चालू राह्यते."

डॉक्टरनं पोत्यात हात घातला, बराच वेळ चाचपलं आणि एक बारीकसं पुस्तक काढलं. "हे इकू नका. याच्यात काहीच होत नाही. एक म्हातारा बागेले पानी देते, पाखरं येते, जाते. दुसऱ्या कोनाले दिलं तर तो फेकून देईन. तुमाले लागन. खाटेवर पडल्या पडल्या दोन पानं, जास्त नाही."

ड्रायव्हर त्या पुस्तकाकडे पाहत राहिला. "बाबा हेच वाचत बसत," तो म्हणाला, आणि पूर्ण पोतं परत घेऊन गेला. काट्यावर चढलेला माल मी स्वतःच्या हातानं उतरवून दिला! दुकान माझं, वीजबिल माझं, आणि हा माझं गिऱ्हाईक वाटेला लावतो.

तो कुणालाही "तुम्हाला काय आवडतं" असं विचारत नसे. म्हणे, माणूस त्याचं खोटंच उत्तर देतो. जनावर सांगत नाही, म्हणून पाहावं लागतं; माणूस सांगतो, म्हणून जास्तच पाहावं लागतं. तो विचारी, चहा संपवता की तळाशी ठेवता? भांडण झालं तर घरात बसता की बाहेर जाता? मग उठून ढिगातलं काहीतरी काढी. सोबत डोस. कुणाला जेवणानंतर चार पानं, कुणाला "एका बैठकीत संपवा, नाहीतर लागू पडत नाही." कव्हरं बहुतेकांची फाटलेली, नावं गेलेली, म्हणून लोक येऊन मागत तेही तसंच. "डॉक्टर, ते बागेवालं परत आलं का?"

शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंचे यजमान गेले. महिन्याभरानं त्या देवाधर्माच्या पुस्तकांचा गठ्ठा विकायला आल्या. भेटायला आलेल्या प्रत्येकानं एकेक दिलं होतं. डॉक्टरनं गठ्ठा गुपचूप मला घेऊ दिला, हे एक आश्चर्य, आणि त्यांच्या हातात एक चोरीचं, तपासाचं पुस्तक ठेवलं.

"अहो, मला या दिवसांत हे?" बाई म्हणाल्या.

"याच दिवसात. एकट्या मानसाले उद्या सकाळी काहीतरी कळनार हाय असं वाटलं पाहिजे, माय."

पुढच्या आठवड्यापासून त्या बाई गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत यायच्या, "डॉक्टर, तो माळीच चोर आहे! सांगू नका, सांगू नका!"

कुणी म्हटलं, डॉक्टर, तुमचं स्वतःचं आवडतं सांगा ना एखादं, तर त्याला राग येई. "माझ्या गोळ्या तुमी कायले खाता?" आणि चुकलं तर लगेच कबूल करी. एका शिंप्याला त्यानं काहीतरी दुःखाचं दिलं, तर त्याचा हात शिलाईवर चालेना; कपडे अडले, लोक माझ्या दुकानावर भांडायला आले. डॉक्टरनं पुस्तक परत घेतलं, "डोस चुकला" म्हणाला आणि शिंप्याला विनोदी काहीतरी दिलं. शिंपी त्यावर इतका हसला की एका सदऱ्याला दोन्ही खिसे एकाच बाजूला लागले. तो सदरावालाही माझ्याच दुकानावर भांडायला आला.

गल्लीतल्या सगळ्यांना त्यानं काही ना काही दिलं. मला नाही. मी वरून बेफिकीर होतो, पण आत लागत होतं. एकदा जांभई देत देतच विचारलं, "काहून डॉक्टर, आमाले काही नाही?"

तो माझ्याकडे पाहत म्हणाला, "तुमाले भूकच नाही, शेठ. तुमी तर जांभई देता."

आता मधे माझ्या पोरीचं सांगितलं पाहिजे. एकच पोरगी. लहानपणी शाळेतून आली की दप्तरासकट रद्दीच्या ढिगावर चढायची आणि वाचत बसायची. माल भरायची गाडी आली की मी तिच्या हातातलं पुस्तक ओढून काट्यावर टाकायचो. "बाबा, थोडीशीच राह्यली होती," असं ती म्हणायची. तिला अकोल्याला दिलं. लग्नाच्या दिवशी वराकडच्या पाहुण्यांनी बँडवाल्याचे आणि गाड्यांचे पैसे ऐनवेळी आमच्या गळ्यात टाकले. मी सोडतो काय? मांडवातच तिच्या मामेसासऱ्याला धरलं आणि भाव केला. जोरात केला. अर्ध्यावर आणला. जिंकलो म्हणून मागे वळलो, तर ती मुंडावळ्या बांधून उभी होती.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी मलेबी काट्यावर ठेवलं."

पैसा वाचवला तो कुणासाठी? तिच्याच आईच्या घरासाठी ना? तिला काय लागलं हे मला आजही कळत नाही, म्हणजे तेव्हा कळत नव्हतं. ती गेली ती परत माहेरी आली नाही. आईशी फोनवर बोले. माझा आवाज आला की तिकडून, "बरं, ठेवते."

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर बायकोनं कुरड्या-पापड केले आणि अकोल्याला पाठवायचा डबा दुकानात आणून दिला. मी तो पुठ्ठ्यात बांधायला घेतला. बांधला, सोडला, परत बांधला. सुतळीची गाठ मनासारखी बसेना. डॉक्टर डब्यावर बसून पाहत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्यासमोर एक पुस्तक ठेवलं. पुस्तक कसलं, पुढचं-मागचं कव्हर नाही, शिवण उसवलेली. "दुकान बंद करायच्या आधी, उभ्यानं वाचा," तो म्हणाला. "बसून नाही."

"कितीले?" मी सवयीनं विचारलं. पुस्तक माझ्याच ढिगातलं होतं. तो हसलासुद्धा नाही.

पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यांमागे उभा राहून मी ते वाचलं. कुणी पाहील म्हणून हातात वहीसारखं धरायचो. गोष्ट एका विहिरी खोदणाऱ्याची होती. त्याची पोरगी नदीपलीकडच्या गावात दिलेली. बापलेकीत काही बिनसलेलं. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की तो या काठावर येऊन उभा राहतो. ती त्या काठावर येते. दोघं एकमेकांना पाहतात. हाक कुणीच मारत नाही. तो घरी जातो. असं वर्षानुवर्षं. मग एका उन्हाळ्यात तो वहाणा काढतो आणि पाण्यात पाय टाकतो, आणि...

आणि पान संपलं. पुढची पानंच नव्हती.

मी सगळा ढीग उपसला. मग आठवलं. उसवलेल्या पुस्तकांची सुटी पानं मी फुटाणेवालीला देतो. तिला पुड्यांना लागतात. त्याच आठवड्यात एक गठ्ठा तिला दिला होता. पुढची गोष्ट मीच विकली होती.

फुटाणेवालीचा गाडा माझ्या दुकानासमोरच असतो. वर्षानुवर्षं मी तिला रद्दीच्या भावात पिळत आलो आहे. धावत बाहेर आलो, तर गाडा नाही. रामनवमी तोंडावर होती. ती माल, कागद घेऊन पोहरादेवीच्या यात्रेला गेली होती.

मी दुकान बंद केलं आणि पोहरादेवीची बस धरली. बायकोला सांगितलं, वसुलीला जातो.

यात्रेत पाय ठेवायला जागा नव्हती. तांड्यातांड्यातून आलेली माणसं, बायांच्या घागऱ्यांवरच्या आरशांतून डोळ्यांवर येणारं ऊन, धूर, ढोल. फुटाणेवाली रस्त्याच्या कडेला सापडली. पुड्यांवर पुड्या वळत होती.

"काय शेठ! देवीच्या दर्शनाले आले?"

"हो. दर्शनालेच." मी जांभई द्यायला तोंड उघडलं. जांभई आली नाही.

"मंग तोंड तिकडं करा ना. देवी तिकडं हाय. माह्या कागदाकडं काहून पाहून राह्यले?"

"तो गठ्ठा... परत घेतो म्हटलं. दिल्या भावात."

"परत? तुमी?" तिनं हातातली पुडी खाली ठेवली. "पावसाळ्यात भिजलेली रद्दी माह्या गळ्यात मारली, तवा म्हने इकलेला माल परत नाही. इसरले?"

"बरं, दुप्पट."

ही दुसरी चूक. दुप्पट म्हटल्यावर कुणीही सावध होतो, मी तर हा धंदा लोकांना शिकवला आहे. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि शेजारच्या बांगड्यावालीला हाक मारली. "अवं, इकडं पाह्य! शेठच्या तोंडावर आज भाव दिसून राह्यला!" मग मला, "काय हाय त्या कागदात? नोटा हायेत काय?"

"गोष्ट आहे," मी हळू म्हटलं.

"काय म्हनता? ढोल वाजून राह्यला, ऐकू नाही येत."

माझं डोकं फिरलं. "गोष्ट हाय, गोष्ट! पुढं काय झालं ते पाह्याचं हाय मले!"

मी ओरडलो त्याच वेळी ढोल थांबला. रस्त्यावरची माणसं वळून पाहायला लागली. एवढी वर्षं झाकून ठेवलेलं तोंड मी भर यात्रेत उघडं टाकलं होतं.

फुटाणेवाली हसली नाही. तिनं हसायला हवं होतं, बरं झालं असतं. "मंग असं सांगा ना," ती म्हणाली. "पन सुटे कागद भेटनार नाही. पुड्या घ्या, फुटान्यासकट. मले धंदा कराचा हाय."

उरलेल्या पुड्या मी सगळ्या घेतल्या. जी पानं आधीच पुड्या होऊन गेली होती त्यांच्या मागे गर्दीत फिरलो. "पुडी संपली का? कागद द्या." काहींनी दिले, काहींनी शंकेनं पाहिलं. झाडाखाली बसलेल्या एका म्हाताऱ्या बंजारा बाबाजवळ मी हात पुढं केला, तर त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि पुडीतले उरलेले फुटाणे माझ्या तळहातावर ओतले. "खाय, बापा," तो म्हणाला. कागद चुरगळून त्यानं खिशात टाकला. त्याच्याकडे तो कागद मागायला माझी जीभ उचलली नाही. मी फुटाणे खाल्ले. फेकता आले नाहीत.

मग एका ओट्यावर बसून पुड्या सोडल्या. पानं मागेपुढे झालेली, तेलकट, काही दुसऱ्याच पुस्तकांची. नदीची मोजकीच होती. एकात पलीकडच्या काठावरची पोरगी होती. तिची शेजारीण तिला विचारते, तुझे बाबा दरवर्षी येतात, तू हाक का मारत नाहीस? ती म्हणते, तो पाणी किती उतरलं ते पाहायला येतो. मला पाहायला नाही.

ते पान माझ्या हातात तसंच राहिलं. किती वेळ, कोण जाणे. वर पाहिलं तेव्हा समोर फुटाणेवाली उभी होती, पाण्याचा तांब्या घेऊन. माझं तोंड ओलं आहे हे मला तेव्हा कळलं.

ती मंगरूळपीरला परतली आणि संध्याकाळपर्यंत पूर्ण गल्लीला कळलं. तेव्हापासून माझी जांभई चालत नाही. मी तोंड उघडलं की गिऱ्हाईक म्हणतं, "राहू द्या शेठ, फुटाने खा." शेवटचं पान काही मिळालं नाही. बहुतेक ते त्या बाबाच्या खिशात गेलं.

मी डॉक्टरवर धावून गेलो. "मुद्दाम केलं तुमी! अर्धं पुस्तक दिलं मले!"

"मी पूर्नच देनार होतो. माह्यं वाचून व्हायच्या आधीच अर्धं तुमी इकलं."

"पुढं काय होते ते सांगा."

"मीबी तेवढंच वाचलं, शेठ. तुमाले काय वाटते? काय व्हावं?"

"पोरीनं हाक मारावी."

"तिनं काहून? पाय तर तुमी टाकला ना पान्यात." तो 'तुमी' म्हणाला. 'विहीर खोदणाऱ्यानं' असं म्हणाला नाही. मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

"बरं, ते जाऊ द्या," मी म्हटलं. "आता पुढचं कोनतं वाचू ते सांगा. सगळ्या गावाले सांगता."

त्यानं माझ्याभोवती एक फेरी मारली. पहिल्यांदाच. मग परत डब्यावर बसला. दवाखान्यात एखादं जनावर हाताबाहेर गेलं की हे लोक मोठ्या दवाखान्यात पाठवत, आणि ते सांगायची त्यांची एक पद्धत होती. त्याच आवाजात तो म्हणाला, "हे आपल्या हातचं नाही. अकोल्याले न्या."

मी त्याला दुकानातून घालवून दिलं नाही; तो आपला आपणच या पावसाळ्यात धनजला गेला. गुडघे गेले, पुतण्या येऊन घेऊन गेला. तिथं म्हणे पिठाच्या गिरणीवर बसतो आणि दळण घेऊन येणाऱ्यांना पुस्तकं सांगतो. गिरणीवाल्याची मला कीव येते. मी भेटायला गेलेलो नाही. काय तोंड घेऊन जाऊ? तो डबा मात्र मी कुणाला हलवू देत नाही.

पाऊस संपला, तरी माझ्यानं पोरीला फोन लावला गेला नाही. परवा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. पुठ्ठ्यांमागे जाऊन, उभ्यानंच, मी अकोल्याचा नंबर लावला. आईचा नव्हे, माझा नंबर पाहून ती घाबरली.

"काय झालं? आई बरी हाय ना?"

"बरी हाय."

"मंग?"

"मले एक पुस्तक सांग. चांगलं. वाचाले."

तिकडं कुकरची शिट्टी झाली. "कोनासाठी?"

"मले."

"तुमी पुस्तकं इकता बाबा. वाचत नाही."

"अर्धं वाचलं," मी म्हणालो, आणि तिला ती गोष्ट सांगितली. नदी सांगितली, दोन काठ सांगितले. ती शेजारणीला काय म्हणते ते सांगताना मला मधे थांबावं लागलं. पाण्यात टाकलेल्या पायापर्यंत आलो.

"पुढं?" ती म्हणाली. लहानपणी ढिगावरून म्हणायची तशी.

"पुढचं इकलं मी."

तिनं कुकर खाली उतरवल्याचा आवाज आला. आता 'ठेवते' म्हणेल असं वाटलं. मग ती म्हणाली, "माह्याजवळ हाय एक. तुमाले लागन असं. पन पार्सल करनार नाही मी. हातानं आनून देईन."

तिकडून एक आवाज आला. लांब, आळसावलेला, पूर्ण तोंड उघडून दिलेला. माझीच जांभई. हुबेहूब.

"बोला शेठ," ती म्हणाली. "कितीले घेता?"

मी पुठ्ठ्यांमागून बाहेर आलो. गल्लीत सगळे होते, शिंपी, चहावाला, समोर गाड्यावर फुटाणेवाली.

"तू म्हनशीन तेवढ्याले," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच लागला. पुडी वळता वळता फुटाणेवालीचा हात थांबला. तिनं ऐकलं होतं.

ऐकू दे.